नूतन सिस्टरचे धुतलेले हात

पावर हाउस नावाच्या भागातल्या भाजीबाजारात एखादी बाई दोन्ही हात कोपरातून वाकवून, तळवे छातीसमोर धरून, कोपरावरून पाणी ठिबकवत उभी दिसली तर घाबरू नका. ती कोणाला आशीर्वाद देत नाहीये आणि कोणाला शरणही येत नाहीये. ती नूतन रामटेके आहे. नळावर तिनं नुकतेच हात धुतलेत, आणि इतकी वर्षं ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत, काढल्यावर ओले हात माणसं खाली सोडतात हे तिच्या ध्यानात राहत नाही. भाजीवाला बिचारा स्वतःच तिच्या खांद्यावरची पिशवी उघडतो, वांगी आत सोडतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हलक्या आवाजात सांगतो, "मैडम ओटी वाली हैं."

घरी तर विचारूच नका. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर 2 च्या क्वार्टरमध्ये, ती दार कमरेनं ढकलते, नळ कोपरानं बंद करते आणि फ्रिज पायाच्या अंगठ्यानं उघडते. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे गिरजाबाईंनी, हे सगळं आठवडाभर मुकाट्यानं पाहिलं. मग मुलाला, प्रफुलला, परसात नेऊन विचारलं की पोरीच्या हातात काही दोष आहे का, असेल तर आत्ताच सांग. प्रफुल त्याच कारखान्यात, रुळांच्या रेल मिलमध्ये कामाला. यंत्र समजावून सांगावं तसं त्यानं आईला समजावलं. ओटीत एकदा हात धुतले, वरून निर्जंतुक गाऊन आणि ग्लोव्ह्ज चढवले, की न धुतलेल्या कशालाही शिवायचं नाही. शिवलं की सगळं बदला, पुन्हा पहिल्यापासून.

गिरजाबाई विचारात पडल्या. "म्हंजे शिवाशिव."

"शिवाशिवच. पण हिच्यात जात नाही माय, साबण आहे."

"डॉक्टरलेही हात लावू देत नाही?"

"डॉक्टर धुतलेला नसंन तर त्यालेही नाही."

गिरजाबाईंचा चेहरा हळूहळू उजळला. भंडाऱ्याकडच्या गावात त्यांच्या लहानपणी लोकांनी त्यांना काय काय म्हणून बाजूला सारलं होतं ते त्यांनी कधी फारसं सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मात्र गल्लीत कोणी भेटलं की त्या विषय फिरवून फिरवून तिथंच आणत. माही सून, मोठ्या डॉक्टरले म्हणते, हात लावू नका.

वैशाली नगरच्या बाजूला एक चार मजली खाजगी हॉस्पिटल आहे. तिथली ओटी नूतन सिस्टरच्या ताब्यात. ताबा म्हणजे खुर्ची नव्हे, खुर्ची ओटीत कोणालाच नसते. ताबा म्हणजे तिची नजर. जवळच्या नर्सिंग कॉलेजातल्या पोरी तिच्याकडे शिकायला येत. आल्या की पहिल्या दिवशी ती त्यांना टोप्या घालायला लावी, रांगेत उभं करी आणि टोप्यांतले चेहरे पाहून हसायला लागे. या सिस्टरचं हसणं म्हणजे एक प्रकार होता. आवाज अजिबात नाही. खांदे हलायचे, डोळे मिटायचे, आणि तोंडावरचा मास्क श्वासाबरोबर आत जायचा, बाहेर यायचा. पोरींना वाटे सिस्टर रडून राहिली.

पण एका गोष्टीवर ती हसत नसे. पोरींना टेबलाजवळ, हात धुऊन, अवजारांच्या ट्रॉलीपाशी उभं करायचं, ही तिची जिद्द. तिच्या शिकण्याच्या काळात विद्यार्थिनींना भिंतीला टेकवून ठेवत. पाहा आणि शिका. तिनं पाहिलं भरपूर. पण नोकरी लागल्यावर पहिल्यांदा एका सर्जननं समोर हात पसरला, तेव्हा त्या हातावर ठेवायची वस्तू तिला पाठ असूनही तिची बोटं उचलेनात. पाहिलेलं डोळ्यांत राहिलं होतं, हातात आलं नव्हतं. म्हणून मोठे सर्जन हिरालाल साहू यांच्यामागे तिनं भुणभुण लावली आणि ती सोडलीच नाही. शेवटी साहू सर कंटाळून म्हणाले, ठीक है, मंगळवारच्या लिस्टमध्ये तुमची एक पोरगी हात धुऊन उभी राहील. बघू.

त्या बॅचमध्ये दोघी होत्या. आम्रपाली गप्प, उंच, जन्मजात भिंतीला टेकलेली. आणि भाग्यश्री हटवार, चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमधली. वडील यार्डात रूळ बदलणारे पॉइंट्समन, घर माणसांनी भरलेलं, नागपूरकडचे काका-मामा सदा उतरलेले. बोटं इतकी चपळ की आर्टरी फोरसेप, म्हणजे रक्तवाहिनी धरायचा चिमटा, उघडून, फिरवून, सर्जनच्या तळव्यावर टप्‌कन ठेवण्याचं काम ती पेनानं, चमच्यानं, टूथब्रशनंही करून दाखवी. नूतन सिस्टरनं पहिला मान तिलाच दिला.

मंगळवार आला. पेशंट एक ट्रक ड्रायव्हर, हर्नियाचा, भूल फक्त कमरेखाली. भाग्यश्रीनं हात धुतले, गाऊन घातला, ग्लोव्ह्ज चढवले, ट्रॉली अशी मांडली की नूतन सिस्टरला स्वतःच्या लग्नातलं ताट आठवलं. साहू सर हात धुऊन, गाऊन घालून, ग्लोव्ह्ज चढवून आले आणि ट्रॉलीपाशी थांबले. मोठे डॉक्टर. पांढऱ्या भुवया. पोरीच्या आयुष्यातली पहिली केस.

आणि भाग्यश्री वाकली. निर्जंतुक ग्लोव्ह्ज घातलेल्या दोन्ही हातांनी तिनं साहू सरांच्या रबरी चपलांना हात लावला आणि ते हात आपल्या कपाळाला नेले.

खरं सांगायचं तर तिचा तरी काय दोष? त्या घरात परीक्षेला निघताना ओळीनं सगळ्यांच्या पाया पडल्याशिवाय पोरांना दाराबाहेर सोडत नसत. शुभ काम म्हटलं की तिची कंबर आपोआप वाके. साहू सरही शेवटी छत्तीसगढी घरातलेच. पायाशी लेकरू वाकलं की हात उठायचाच. त्यांनी आपला निर्जंतुक हात तिच्या टोपीवर ठेवला आणि मनापासून म्हणाले, "खुश रहो बेटा."

मग त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं.

भूल देणाऱ्या डॉक्टर कमलिनी मॉनिटरमध्ये तोंड घालून बसल्या. बोलणं नूतन सिस्टरलाच भाग होतं आणि तिनं ते केलं. सर, तुमचा हात लागला, तुम्हालाही बदलावं लागंन. इतकं म्हणून ती कपाटाकडे वळली, कारण मास्क आत-बाहेर व्हायला लागला होता.

दोघं शेजारी शेजारी बेसिनशी उभे राहून पुन्हा हात घासत होते. एक मोठा सर्जन, एक सेकंड इयरची पोरगी, आणि दोघांचे कान सारखेच लाल. ट्रक ड्रायव्हर पडद्यामागून विचारत होता की साबण संपला का. ऑपरेशन छान झालं. पण साहू सरांना स्वतःचा "खुश रहो" पचला नाही. बाहेर आल्यावर त्यांनी नूतन सिस्टरला थांबवलं.

"सिस्टर, एक मौका और. अगले मंगल को ये लड़की मेरी टेबल पर कुछ भी अनस्टराईल करेगी, तो उसके बाद कोई स्टुडेंट हाथ नहीं धोएगी. सब दीवार के पास. देखें और सीखें."

देखें और सीखें. नूतन सिस्टरचं हसू तिथंच थांबलं.

भाग्यश्रीला रागावण्यात अर्थ नव्हता, कारण ती माफी मागायलाही पाया पडायलाच वाकत होती. सिस्टरनं तिला मध्येच खांद्याला धरून सरळ केलं आणि दोघींना रविवारी घरी बोलावलं.

रविवारी सेक्टर 2 मध्ये जे ऑपरेशन झालं, त्याची चर्चा त्या ओळीतल्या क्वार्टरांत अजून चालते. इस्त्रीच्या टेबलावर धुतलेली चादर, ही ट्रॉली. तिच्यावर सांडशी, पोळ्यांचा चिमटा, लिंबू पिळायचं यंत्र, कात्री, आणि प्रफुलचे नट आवळायचे दोन पाने, उकळून. दिवाणावर पेशंट म्हणून गिरजाबाई. हे काम त्यांनी स्वतः मागून घेतलं होतं आणि नवं लुगडं नेसल्या होत्या. प्रफुल सर्जन, तोंडाला गमछा.

"काय कापून राहिले तुमी माहं?" गिरजाबाईंनी आधी खात्री करून घेतली.

"अपेंडिक्स," प्रफुल म्हणाला.

"ते तं पयलेच काढलं, दुर्गच्या दवाखान्यात. दुसरं काही काढ."

बरीच घासाघीस होऊन पित्ताशयावर ठरलं. भाग्यश्री हात धुऊन, प्रफुलचा शर्ट उलटा घालून, तळवे छातीशी धरून उभी राहिली. आणि सिस्टरनं दार उघडलं. कारण शिकवणी चिमट्यांची नव्हतीच. बाहेर गल्लीतली सगळी म्हातारी मंडळी जमवून ठेवली होती, आणि प्रत्येकानं फक्त आत यायचं, भाग्यश्रीसमोर उभं राहायचं आणि मोठ्या माणसासारखं दिसायचं, इतकंच काम होतं.

पहिले शामराव आले, प्लांटमधून रिटायर झालेले, कोट घालून. भाग्यश्रीची कंबर अर्ध्यावर वाकली. सिस्टर म्हणाली, "हात लागला." पुन्हा हात धुवा. मग नलू मावशी आली. पोरगी पाव वाकली. लागला. पुन्हा नळ. शामराव बाहेरून फिरून टोपी घालून परत आले, आता ते दुसरेच कोणी आहेत असं दाखवत. पोरीची हाडं अशी तटतटली की जॅक लावलेल्या मालडब्यासारखी ती ना वर ना खाली. आम्रपालीला प्रत्येक वेळी टॉवेल देण्याचं काम होतं. तिला हसू आवरेना, आणि ती हसते हे सगळ्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

इकडे गिरजाबाई दिवाणावरून वेगळाच गोंधळ घालत होत्या. एरवी पाया पडू नका, जयभीम म्हणा, असं त्या सगळ्यांना बजावत, पण कोणी पडलंच तर पाय जरा पुढे सरकवत. आता पोरगी डोक्याशी इतका वेळ उभी आहे आणि पडत नाही, याचं त्यांना वाईट वाटायला लागलं. "ही पोट्टी कावून पाया नाही पडून राहिली? आली तवा तं पडली होती." प्रफुलनं सांगितलं की पेशंट बोलत नसतो. त्या म्हणाल्या, पेशंटचं पित्ताशय काढता आणि बोलूही देत नाही, हे कुठलं हॉस्पिटल.

नळावर पुन्हा पुन्हा जाऊन भाग्यश्रीचे हात सुरकुतले. ती परसातल्या पायरीवर बसली आणि तिचे डोळे भरले. सिस्टर शेजारी जाऊन बसली. दोघींचेही हात वर.

"सिस्टर, होत नाही माह्यानं. समोर मोठं माणूस आलं का हात आपोआप जाते. मी जाऊ नको म्हणते तरी जाते. तुमी आम्रपालीले घ्या."

"आम्रपालीची पाळी येईनच. तुही गेली तं तिचीही जाईन, ते माहीत आहे नं तुले?"

भाग्यश्रीनं मान हलवली.

"मग ऐक. हे हात तुहे हायेत कोण म्हणते? घरून निघाली तवा तुहे होते. कोणाच्याही पाया पड, मी काही म्हणत नाही. पण धुतले का ते पेशंटचे झाले. आता सांग, लोकायचे हात घेऊन तू दुसऱ्याच्या पाया पडशीन का?"

भाग्यश्री आपल्या सुरकुतलेल्या बोटांकडे बघत राहिली. मग उठली, नळावर गेली, आणि हात धुतले असे की जणू कोणी तिला ठेव सोपवली आहे. शामराव पुन्हा आले, या वेळी काठी घेऊन. ती हलली नाही. नुसती म्हणाली, "नमस्कार काका, हात माहे नाहीत." शामराव इतके खूश झाले की तिथंच त्यांनी तिला आशीर्वाद द्यायला हात उचलला, आणि सगळं क्वार्टर एका आवाजात ओरडलं, लांब व्हा.

मंगळवारी पेशंट होत्या तुळसाबाई. पिकलेले केस, कपाळावर गोंदण, बेंबीचा हर्निया. पाठीत सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर केलं होतं. त्या पूर्ण जाग्या होत्या आणि त्याचा पुरेपूर फायदा घेत होत्या. घरी कोण कोण आहे, नातजावई कसा, लाइटच्या डब्यात इतके दिवे कशाला. भिंतीपाशी आम्रपाली, ओठ घट्ट मिटून. ट्रॉलीपाशी भाग्यश्री, पेशंटचे हात छातीशी धरून. नूतन सिस्टर बाहेरची, म्हणजे न धुतलेली, पाकिटं उघडून द्यायला आणि सामान पुरवायला.

साहू सर आले. ते मुद्दाम ट्रॉलीपाशी थांबले. भुवया नेहमीपेक्षा पांढऱ्या वाटत होत्या. भाग्यश्रीनं मान किंचित झुकवली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग सर." गुडघाही हलला नाही. साहू सरांनी नाकातून एक आवाज काढला, तो चांगला की वाईट हे कळायला मार्ग नव्हता, आणि ते गाऊनच्या नाड्या बांधून घ्यायला वळले.

तेवढ्यात तुळसाबाई घाबरल्या.

"मायबाई, माहे पाय कुठं गेले?"

कमलिनी मॅडमनी समजावलं की आजी, पाय आहेत, फक्त बधिर झालेत. तुळसाबाईंचा डॉक्टरांवर विश्वास नव्हता. पाय असते तर समजले असते की. त्यांनी मान वळवून पाहिलं, आणि त्यांना त्या खोलीत एकच ओळखीचा चेहरा वाटला, घाबरलेल्या पोरीचा.

"पोरी, तू मराठी नं? तू लाव माह्या पायाले हात. मंग मानतो मी."

ओटीतल्या सगळ्या माना भाग्यश्रीकडे वळल्या. नूतन सिस्टरला वाटलं, आपण रविवारी गल्ली गोळा केली, टोप्या बदलल्या, काठ्या आणल्या, पण हे कोणाला सुचलं होतं. एक म्हातारी स्वतः तोंडानं म्हणते आहे, पायाला हात लाव. आणि कळवळून म्हणते आहे.

भाग्यश्रीची कंबर थरथरली. सगळ्यांना दिसली. मग थांबली.

"आजी, तुमचे दोन्ही पाय मी इथून पाहून राहिली. जोडवेही दिसते. मी हात लावला असता, पण हे हात सध्या तुमचे हायेत, तुमच्या पोटासाठी ठेवले."

तुळसाबाईंनी विचार केला. "जोडवे दिसते म्हणतं?"

"दिसते. डाव्या पायाचं थोडं तिरपं झालं."

"हां, ते तिरपंच आहे. मंग बराबर." आणि त्यांनी निवांत डोळे मिटले.

नूतन सिस्टरला स्वतःवर ताबा राहिला नाही. हसू आणि रडू दोन्ही एकदम वर आलं, मास्क पतंगासारखा फडफडला, ती दोन पावलं पुढे झाली आणि तिनं भाग्यश्रीचं मनगट आपल्या उघड्या, न धुतलेल्या हातानं घट्ट दाबलं.

क्षणभरच. सोडलंही. साहू सर पाठमोरे होते. कमलिनी मॅडम सिरिंजमध्ये गुंतलेल्या. आम्रपालीनं पाहिलं, पण ती भिंत होती. आणि नूतन सिस्टरच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही, आनंद तसलाच होता. ते फक्त भाग्यश्रीला कळलं. आजचा एक डाग, आणि पुढच्या सगळ्या पोरी भिंतीला. गप्प राहिली असती तर त्या मनगटाची गोष्ट जगात कोणाला कळली नसती.

"सिस्टर," ती म्हणाली. "तुमी माह्या बाहीले हात लावला. माहा गाऊन आणि ग्लोव्ह्ज बदलावे लागते."

साहू सर वळले. नूतन सिस्टरनं आपल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो रस्त्यावरून कोणीतरी तिला आणून चिकटवला होता.

"किसने टच किया?"

"मैंने, सर," सिस्टर म्हणाली. "पोरीनं नाही. मी."

"आपने." साहू सर ट्रॉलीकडे गेले, भाग्यश्रीच्या बाहीकडे पाहिलं, मग सिस्टरकडे. "इतने साल में पहली बार?"

"जी सर."

"मुझे तो पता भी नहीं चलता." मास्कवरच्या भुवया हलायला लागल्या तेव्हा कळलं की तेही बिनआवाजाचंच हसतात. "तो अब क्या करें? दीवार के पास आपको खड़ा करें?"

"करा सर. पण आधी तिले गाऊन द्या."

"नहीं, आप नया गाऊन खोलो. दीवार वाली लड़की," त्यांनी हातानं नाही, हनुवटीनं आम्रपालीकडे खूण केली, "तुम अगले मंगल को हाथ धोओगी. यहाँ कोई तो चाहिए जो सिस्टर पर नजर रखे."

आम्रपाली भिंतीपासून सुटी झाली. म्हणजे नुसती उभी राहिली, पण तिच्या उंचीचं काय ते सगळ्यांना आत्ताच समजलं. भाग्यश्री नव्या गाऊनमध्ये हात घालत होती आणि सिस्टर मागून तिच्या नाड्या बांधत होती, फक्त नाड्या, बोटाच्या टोकांनी, इतकी जपून की गाठ दोनदा सुटली.

"काय झालं वो?" तुळसाबाईंनी एक डोळा उघडला.

"काही नाही आजी. बाही बदलून राहिली."

"बदला, बदला," तुळसाबाई म्हणाल्या. "अन्‌ तुमचं आपसातलं निपटलं का सांगा. मंग माह्या पोटाकडे पाहा."